लाल रेघेखालच्या तारखा

डॉक्टर,

तुमच्या शोकसभेत मी खोटं बोलले. "डॉक्टर फार मायाळू होते," असं माईकवर म्हणाले आणि खाली बसले. समोर दवाखान्याच्या ट्रस्टचे पदाधिकारी रांगेनं बसले होते. तुमच्या फोटोला झेंडूचा हार होता, आणि फोटो तरी कुठला, तर ओळखपत्रावरचा मोठा करून आणलेला. त्यात तुम्ही कॅमेऱ्याकडेसुद्धा नीट बघत नव्हता. माझ्याआधी पाच जण बोलले. एक म्हणाला, प्रत्येक रुग्णाला डॉक्टरांनी पोटच्या पोरासारखं जपलं. दुसरा म्हणाला, डॉक्टरांच्या दारातून कुणी कधी विन्मुख गेलं नाही. हा दुसरा तुमच्या दारात एकदाच आला होता, पुतणीच्या लग्नासाठी दवाखान्याची जीप मागायला, आणि विन्मुख गेला होता.

रुग्ण बाहेर व्हरांड्यात उभे होते, कारण खुर्च्या पाहुण्यांना पुरल्या नाहीत. चहाही आतल्यांनाच मिळाला. सभा संपल्यावर एका बाईनं माझा हात धरून, तुमच्या फोटोकडं बघत विचारलं, "बाई, भाऊले हार कोनं घातला? तो तं हार घालू नाई द्यायचा." मला इतकी शिसारी आली की मी मोरीवर जाऊन चूळ भरून आले. त्या भाषणांची आली, आणि माझ्या त्या एका वाक्याची जास्त आली.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. मी रडायला बसलेले नाही. रडले असते तर तुम्ही घड्याळाकडे पाहिलं असतंत. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि त्या भांडणात मी तुमच्याशी एक खोटं बोलले होते. शोकसभेतलं खोटं चारचौघांतलं होतं, ते विरून जाईल. हे दुसरं तुमच्या माझ्यातलं आहे. तुम्ही ऐकायला नाही, तरी ते बोलून टाकल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

आधी तुमच्याबद्दल मला काय वाटायचं ते सांगते, कारण तेही कधी तोंडावर सांगितलं नाही. चंद्रपूरहून आपण दर गुरुवारी जीपनं गोंडपिपरीला जायचो. भाड्याच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत मी, मागच्या खोलीत तुम्ही. तुम्ही मनाच्या आजारांचे डॉक्टर, मी समाजसेविका. लोक तुम्हाला डोक्याचा डॉक्टर म्हणायचे आणि मला नुसतं बाई. मी पेशंटची सगळी हकीकत लिहून घ्यायची आणि तुमच्याकडे पाठवायची. तुम्ही पेशंट तपासायचात, आणि पेशंट उठला की कोपऱ्यातल्या बादलीपाशी जाऊन लाल साबणानं हात धुवायचात. हाताला काही लागलेलं नसायचं. या रोगांत हात कुठं भरतात? पण तुम्ही कोपरापर्यंत धुवायचात, आणि पेशंट दारातून मागं वळून बघायचा तेव्हा त्याला तुमची पाठ दिसायची. अशी कितीतरी माणसं तुमची पाठ बघून घरी गेली. मला त्या साबणाच्या वासाची किळस बसली होती. अजून आहे.

आणि ते लाल पेन. पेशंट बरा झाला की केसपेपरवर आणि पेशंटजवळच्या छोट्या कार्डावर शेवटच्या ओळीखाली एक लाल रेघ, आणि वाक्य ठरलेलं, "आता यायची गरज नाही." माणूस हसायला लागला, तुमच्यासाठी पानाच्या द्रोणात चारं, चारोळीची रानफळं, घेऊन आला, घरातलं सुखदुःख सांगायला लागला, की तुमच्या हातात लाल पेन आलंच म्हणून समजा. मुक्या माणसापुढं तुम्ही तास तास बसायचात. शिव्या देणाऱ्यापुढं बसायचात. अंगावर थुंकणाऱ्यापुढंही बसलात, मी पाहिलंय. पण एखादा तुमच्या आधारानं उभा राहतोय असं दिसलं की तुम्ही हात झटकून मोकळे. मी मनात म्हणायची, या माणसाला आजारी माणसं चालतात, आपली माणसं चालत नाहीत.

मी काही तुमच्यापेक्षा बरी नव्हते. हे आज लिहिते, तेव्हा मान्य केलं नसतं. तुम्ही पेशंटकडून काडीसुद्धा घ्यायची नाही असा नियम केला होता, आणि मी तुमच्या चोरून सगळं घ्यायची. चारं, मोहफुलं, भोपळे, कुणी विणलेली टोपली. खायची नाही, नुसती साठवायची. एका पावसाळ्यात माझ्या खोलीत आंबूस वास सुटला. शोधलं तर पलंगाखालच्या डब्यात मोहफुलं कुजून त्यात अळ्या वळवळत होत्या. मी तो डबा दोन दिवस तसाच ठेवला, कारण तो एका पेशंट बाईनं दिला होता आणि ती बरी होऊन यायची बंद झाली होती. असली माझी माया. पेशंट बरा होऊन निघाला की मी विचारायची, "झोप नीट लागते ना? सकाळी उठल्यावर छातीत धडधडते का?" आणि तो बिचारा विचारात पडायचा, की धडधडते बहुतेक. पुढची तारीख मग मिळायचीच. प्रत्येकाला मी एसटी स्टँडपर्यंत सोडायला जायची आणि गाडी हलेपर्यंत उभी राहायची. लोक म्हणायचे, बाईचा लय जीव आहे. तुम्ही एकदा म्हणालात, "बाई, तुम्ही त्यांना पोचवायला जाता की अडवायला?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

तुम्हाला तो गुरुवार आठवतो का, वैनगंगेचा पूर रस्त्यावर आला होता आणि आपण जीपमध्ये चार तास अडकलो होतो? तुम्ही एक इंग्रजी मासिक वाचत होता. तुम्ही सांगितलंत की परदेशात लहान मुलांवर अभ्यास चाललाय. ज्याची आई कधी येते कधी येत नाही ते मूल तिला चिकटतं, सोडतच नाही. ज्याची आई येतच नाही ते मूल पुढं पुढं तिच्याकडं बघणं बंद करतं, आणि लोकांना वाटतं किती शहाणं मूल आहे. मोठेपणी माणसं तीच खोड घेऊन जगात वावरतात. "पेशंट समजून घ्यायला याचा उपयोग होईल," असं तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "पेशंटचं ठीक आहे. डॉक्टर कोनाचं पोरगं नसते का?"

"म्हणजे?"

"म्हनजे पेशंट चिकट्या हाये का तुटक हाये, ते लिवून ठेवाल. समोर बसला तो कसा हाये, ते कोन लिवन?"

तुम्ही हसलात. "डॉक्टर म्हणजे औषध देणारं यंत्र समजा."

"मंग यंत्राची माय कोन?"

तुम्ही मासिक मिटलंत. पाण्याकडं बघत सांगितलंत. आईनं सहाव्या वर्षी वसतिगृहात ठेवलं, दिवाळीला येते म्हणाली. पहिल्या दिवाळीला तुम्ही फाटकात उभे राहिलात. दुसऱ्या दिवाळीलाही. तिसऱ्या दिवाळीला अभ्यास केलात. एवढंच. पुढं काही नाही. मग तुम्ही मला विचारलंत, "आणि तुमची?" मी सांगितलं की माझी आई दर उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जायची, महिना दीड महिना. मला मावशीकडं ठेवायची. मी रडू नये म्हणून मी झोपेत असतानाच ती निघून जायची. सकाळी उठून मी अंगणात शोधायची, विहिरीवर शोधायची. पुढं मी तिच्या लुगड्याच्या पदराला गाठ मारून झोपायला लागले, तर ती गाठ सोडून जायची. तुम्ही म्हणालात, "म्हणजे आपण दोघंही त्या मासिकात आहोत." पूर ओसरला तेव्हा ड्रायव्हरनं जीप सुरू केली, आणि तो विषय तुम्ही पुन्हा कधी काढू दिला नाहीत. मी काढला की म्हणायचात, "तो प्रश्न ओपीडीत नाही, बाई."

ओपीडीतच होता तो, डॉक्टर. खाली, तुमच्या खुर्चीसमोर मांडी घालून बसला होता. सोमी तिचं नाव.

सोमीला तिच्या नवऱ्यानं आणलं तेव्हा ती तीन महिने बोलली नव्हती. आष्टीच्या पलीकडं, जंगलातलं गाव. हकीकत मीच लिहून घेतली, नवऱ्याकडून. ती तेंदूपत्त्याच्या फळीवर, तोडलेली पानं जमा करतात तिथं, होती आणि इकडं घरी तिची चार वर्षांची मुलगी तापानं गेली. निरोप घेऊन गेलेल्यांनी तिला खरं सांगितलं नाही. वाटेत कोसळेल म्हणून सांगितलं, "पोरीले मामाच्या गावाले नेलं, येते चार दिसानं." ती घरी येऊन चार दिवस अंगणात बसून वाट बघत राहिली. पाचव्या दिवशी कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तोंड बंद, जेवण बंद. हे सगळं माझ्या अक्षरात तिच्या केसपेपरवर पहिल्या पानावर आहे. पुढं मी जे केलं, ते हे लिहून घेतलेल्या बाईनं केलं.

ती खुर्चीवर बसेना म्हणून तुम्ही खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसलात. सात गुरुवार. गोळ्या सुरू होत्याच, पण तुम्ही दर वेळी पाऊण तास तिच्यासमोर काही न बोलता बसायचात आणि उठताना एकच वाक्य, "पुढच्या गुरुवारी मी इथंच असेन." आणि असायचात. एकदा जीप नादुरुस्त होती तर तुम्ही ट्रकनं गेलात. मधे चंद्रपूर जिल्ह्याचे दोन झाले, तिचं गाव गडचिरोलीत गेलं, आणि ट्रस्टमधल्या कुणीतरी सुचवलं की तिकडचे पेशंट आता तिकडं पाठवा. तुम्ही म्हणालात, "आजाराला अजून जिल्हा ठरवून दिलेला नाही." आठव्या गुरुवारी सोमी बोलली. "भाऊ, तुमच्या पायाले मुंग्या येत असन, खुर्चीवर बसा." मी दाराआडून ऐकलं. तुमच्याविषयी मला जे काही बरं वाटतं, ते सगळं त्या सात गुरुवारांतलं आहे. मला असं बसता आलं नसतं. मी तिला आठ दिवसांत बोल बोल म्हणून छळलं असतं.

चार महिन्यांत सोमी हसायला लागली. एक दिवस द्रोणभर चारं घेऊन आली आणि तुमच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "माह्या हातची होय." तुम्ही द्रोण परत तिच्या हातात दिलात, लाल रेघ मारलीत, आणि "आता यायची गरज नाही" म्हणून हात धुवायला उठलात. ती बाहेर येऊन माझ्याकडं बघायला लागली. "बाई, मी काई चुकली का?" असं विचारलं तिनं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिच्याबरोबर स्टँडवर गेले, तिचं छोटं कार्ड मागून घेतलं आणि तुमच्या लाल रेघेखाली निळ्या शाईनं पंधरा दिवसांनंतरचा गुरुवार लिहिला. ती वाचत नव्हती, पण माझं अक्षर ओळखायची. पुढं वर्षभर हेच चाललं. ती यायची, पुढच्या खोलीत माझ्याजवळ बसायची, आम्ही बोलायचो. बोलायला काही नसायचं. ती बरी होती. शेतात जात होती, घर सांभाळत होती. येण्याजाण्यात तिचा अख्खा दिवस मोडायचा, आणि मला ते गोड वाटायचं. तुम्ही मागच्या खोलीत जाताना तिच्यावरून नजर काढून घ्यायचात. एकदाही म्हणाला नाहीत की हे काय चाललंय.

मग मला नागपूरला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. शेवटच्या गुरुवारी सोमी समोर बसली होती, नेहमीसारखी, आणि माझ्या जिभेवर शब्द येईना. सांगितलं तर तिचे डोळे भरतील, तिचे भरले तर माझे भरतील. मी सांगितलंच नाही. कार्डावर पुढच्या पाच तारखा एकदम लिहून दिल्या. मनात हेही होतं, की मी नसताना ती येईल तेव्हा डॉक्टरांना तिच्याकडं बघावंच लागेल. बघू किती दिवस हात धुतात. ती गाडीत बसली, मी नेहमीसारखी उभी राहिले, गाडी हलली, आणि दुसऱ्या दिवशी मी नागपूरला गेले.

परत आले तेव्हा सोमी चंद्रपूरला आपल्या दवाखान्याच्या वॉर्डात होती. रस्त्यापर्यंत बैलगाडीतून, खाटेवर घालून आणली होती. हाडांचा सापळा, डोळे छताला, तोंड पुन्हा बंद. नळीवाटे पोटात अन्न सोडत होते. तुम्ही तिच्या खाटेशेजारी जमिनीवर बसला होता. नर्स म्हणाली, पाच दिवस झाले, रोज दुपारी असेच बसतात. मला बघून तुम्ही उठलात आणि तुमची जागा मला दिलीत.

त्याच आठवड्यात जीपमध्ये आपलं भांडण झालं. भांडण कसलं, मी एकटीच बोलत होते. तुम्ही तिला दारातून हाकललंत, रेघ मारून माणूस मारता, आईवरचा राग पेशंटवर काढता, सगळं बोलले. शेवटी म्हटलं, "तुमी मानूस नाई, डॉक्टर. तुमच्याजवळ येणाऱ्याची मले किळस नाई येत, तुमची येते." ड्रायव्हरनं गाडी हळू केली. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता.

"मले एक शब्द तरी कळवाचा होता," मी म्हटलं. "मी धावत आली असती."

"मी कार्ड टाकलं होतं," तुम्ही म्हणालात. "मिळालं नाही?"

"नाई."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. तुमच्या सवयीपेक्षा थोडा जास्त वेळ. मग म्हणालात, "पोस्टाचं काही खरं नाही," आणि पुन्हा बाहेर बघायला लागलात. दवाखान्यात पोचल्यावर तुम्ही सोमीचा केसपेपर काढून माझ्या टेबलावर ठेवलात. "ही फाईल आता तुमची. पेशंट तुम्ही सांभाळा, गोळ्या मी लिहीन. आणि बंदही तुम्हीच करायची. मी करणार नाही." दोन वर्षं झाली त्याला. सोमी उठली, चालली, बोलली, पुन्हा शेतात गेली. मी तारखा देत राहिले. लाल पेनाला हात लावला नाही. त्या दोन वर्षांत आपण दोघं कामापुरतं बोललो, आणि मी जिथं तिथं सांगत फिरले की डॉक्टरांनी एका बाईला मरणाच्या दारात नेऊन बसवलं होतं.

परवाच्या गुरुवारी मी एकटीच गोंडपिपरीला गेले. तुमची खोली उघडली, झाडून घेतली. साबणाची वडी सुकून भेगाळली होती. दुपारी सोमी आली. तिची तारीख नव्हती. एसटीच्या कंडक्टरकडून कळलं म्हणाली.

"भाऊ गेला म्हनते, बाई."

"हो."

"पोचवाले कोन गेलतं?"

मी सांगितलं, आम्ही सगळे गेलो होतो. ती तुमच्या दारात उभी राहून आत बघत राहिली. मग खाली बसली, तुमच्या खुर्चीसमोर, तिच्या जुन्या जागी. मीही तिच्याजवळ बसले. मला वाटलं ती रडेल आणि मी तिला जवळ घेईन. ती रडली नाही.

"भावानं मले पोचवलं व्हतं," ती म्हणाली. "तुमी नव्हत्या तवा. तिसऱ्या टायमाले. मी इथी पायरीवर बसून राह्यली, गाडीचा टाइम झाला तरी उठली नाई. तं तो बाहेर आला. म्हने चल. पुढंपुढं चालला, मांगं पाह्यलं नाई. पन स्टँडावर गाडी जाये परेंत उभा व्हता. तिकडं तोंड करून."

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "अन् ते तुले म्हनत व्हते ना, फाईल बंद हाये म्हनून?"

"नाई. तो म्हने, बाई नागपूरले गेली, तीन महिन्यानं येते. दर टायमाले तेच सांगे."

"मंग तू काऊन येत राह्यली?"

"कार्डावर तारीख व्हती. तुमच्या हातची. तारीख हाये तं बाई येतेच, मी म्हनलं. भावानं कार्ड पाह्यलं, इचारलं ह्या तारखा कोनं लिवल्या. मी म्हनलं बाईनं. त्यानं वापस देल्लं." ती लुगड्याचा काठ बोटांत धरून होती. "पाचवी तारीख झाली, तुमी नाई आल्या. मंग मले समजलं का तुमी मेल्या."

"मेली?"

"माह्या पोरीच्या वक्ताले असंच सांगतलं व्हतं ना. मामाच्या गावाले गेली, येते. भाऊ म्हने नागपूरले गेली, येते. मेलेल्या मानसाचं असंच सांगतेत, बाई. जिता मानूस जाते तं सोता सांगून जाते."

मी तिच्याकडं बघू शकले नाही. हे तुम्हाला माहीत होतं, डॉक्टर. तुम्ही तिचं पहिलं पान माझ्यासारखं कपाटात ठेवून विसरला नव्हता. खरं सांगूनही ती विश्वास ठेवत नाही आणि का ठेवत नाही, हे तुम्हाला दुसऱ्या तिसऱ्या वेळीच कळलं असणार. म्हणून तर तुम्ही ते केलंत, जे तुम्ही उभ्या आयुष्यात कुणासाठी केलं नसेल. तुम्ही कुणाकडं तरी काही मागितलंत.

सोमी जायला उठली. मी सवयीनं हात पुढं केला आणि तिनं कार्ड दिलं. मी पेन उघडलं. ती म्हणाली, "बाई, आता कायले लिवता? मी बरी हाये. तुमाले वाईट वाटन म्हनून येत व्हती."

दोन वर्षं, डॉक्टर. नदी ओलांडून, दिवस मोडून, ती माझी समजूत काढायला येत होती. मला माझी जी किळस आली ती त्या अळ्यांच्या डब्याच्या वेळीही आली नव्हती. तुमच्या टेबलाचा खण उघडला. लाल पेन तिथंच होतं, तुम्ही ठेवलं होतं तसं. मी तिच्यासमोर केसपेपरवर रेघ मारली. थोडी वाकडी आली. तिला सांगितलं, "आता मी तारीख नाई देत, सोमी. अन् मी मेली नाई. मी इथीच हावो. पन तू नको येऊ." ती म्हणाली, "मंग मले पोचवून द्या." आम्ही स्टँडवर गेलो. गाडी लागली. या वेळी मी तिला झोप नीट लागते का असं विचारलं नाही. ती खिडकीत बसली, मी उभी राहिले, आणि गाडी गेली.

आता तुमचं. माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, एक पोस्टकार्ड आहे. नागपूरच्या हॉस्टेलवर मी गेल्यानंतर दीड महिन्यानं आलेलं. त्यावर तुमचं बारीक, ताठ अक्षर. वर नमस्कार नाही, खाली आपला वगैरे नाही. "सोमी येते आहे. माझ्यावर विश्वास नाही. तिच्यासाठी तुमच्या हातानं दोन ओळी लिहून पाठवा. अक्षर ती ओळखते. लवकर." मी ते हॉस्टेलच्या जिन्यात उभं राहून वाचलं आणि मला आनंद झाला. हो, आनंद झाला. शेवटी अडलं ना तुमचं, असं वाटलं. मी ते मैत्रिणीला दाखवलं, आमचे डॉक्टर बघ कसे ताळ्यावर आले म्हणून. वाटलं, अजून एक कार्ड येऊ दे. त्यात नमस्कार असू दे. मग लिहीन. दोन ओळी लागल्या असत्या, की सोमी, मी जिवंत आहे.

जीपमध्ये तुम्हाला कळलं होतं. त्या एका नजरेत कळलं होतं. तारखा माझ्या होत्या हे ठाऊक होतं, कार्ड पोचलं हेही कळलं, आणि तरी मी तुम्हाला माणूस नाही म्हणाले ते तुम्ही ऐकून घेतलंत आणि पोस्टाला नाव ठेवलंत. मी चूक कबूल करावी म्हणून तुम्ही दोन वर्षं थांबला असाल की नाही, मला माहीत नाही. कदाचित तुम्ही तिसऱ्या दिवाळीसारखं सोडूनही दिलं असेल. तसं असेल तर मी तुम्हाला फाटकात उभं केलं आणि आले नाही.

अकरा दिवसांपूर्वी तुम्ही गेलात तेही कुणाला न सांगता, दुपारी जेवण झाल्यावर, खुर्चीत. त्याचा मला राग आहे. पण सोमी म्हणते तसं जिवंत माणसानं सांगून जायचं असतं, आणि त्याआधी जिवंत माणसानं जिवंत माणसाला उत्तर द्यायचं असतं. पोस्टानं काही चूक केली नव्हती, डॉक्टर. तुमचं कार्ड मला मिळालं होतं.